रोदिनाच्या सात नवऱ्यांबाबत

मी, लव्हॉन कुबिचेक, वय ६८ वर्षे, धंदा पूर्वी शाळेची बस चालवणे, सध्या घरीच, राहणार लिपोव्हा, धान्याच्या कोठारापलीकडचे पांढरे घर, नेब्रास्का. शेरीफ कचेरीत मी माझ्या गाडीने आले आहे, कोणी धरून आणलेले नाही. डेप्युटी वेन ग्रोस यांनी समोर बसवून विचारले, म्हणून जे घडले ते माझ्या तोंडाने सांगते की,

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. मला एक मुलगी असून तिचे नाव रोदिना आहे. ती ओमाहाला दातांची डॉक्टर आहे. तिचा या प्रकरणाशी संबंध नाही, तिला यात आणू नका, असे डेप्युटींचे म्हणणे पडले. संबंध आहे. पुढे येईल.

बस सोडल्यापासून मी आणि माझी मैत्रीण आर्लिस बेंट्झ माळावरच्या जुन्या दफनभूम्या नोंदवतो. इथे पहिल्यांदा नांगर घातलेली माणसे ज्यांत आहेत, त्या. दगड ओल्या ब्रशने पुसायचा, वाचायचा, फोटो काढायचा आणि नाव इंटरनेटवर चढवायचे. मग कुठे तरी ओरेगॉनमध्ये बसलेल्या माणसाला आपला खापरपणजा सापडतो आणि तो आम्हाला रडून पत्र लिहितो. याचे पैसे मिळत नाहीत. गोचिड्या मात्र भरपूर मिळतात.

एमिल शिमानेक हा माझा सख्खा मामा. वय ९१. लग्न केले नाही. जन्मभर शेती केली. त्याची आई, म्हणजे माझी आजी, तो पोरसवदा असतानाच गेली आणि तिला लिपोव्हाच्या जुन्या दफनभूमीत ठेवले, तिच्या नावाचा वेगळा दगड नाही. बाप पुढे कोलोरॅडोला बीट काढायला गेला तो तिकडेच राहिला. मामाची इच्छा एकच, की आपल्याला आईशेजारी ठेवावे. त्याला आयुष्यात दुसरे काही मागताना मी पाहिलेले नाही.

लहानपणी मी आईला विचारायची, "आजी कुठे गं आहे?" आई म्हणायची, "रोदिनापाशी." आणि दफनभूमीत तसा दगड आहेच, रोदिना शिमान्कोव्हा. आम्हाला चेक म्हणून येते ते कोलाचे नावाचे गोड पाव खाणे, पोल्का नाचणे आणि दोन शिव्या. पण बाईच्या आडनावाला मागे 'ओव्हा' लागतो, एवढे ज्ञान आम्हा सगळ्यांना आहे. तेव्हा रोदिना ही बाई. माझी पणजी किंवा खापरपणजी असणार, असे मी धरून चालले. माळावर मातीच्या घरात राहिलेली, थंडीवाऱ्याला पुरून उरलेली. तिच्यावरून मी माझ्या मुलीचे नाव ठेवले.

पुढे नोंदी करू लागलो तेव्हा त्याच दफनभूमीत रोदिना पेश्कोव्हा सापडली. मग रोदिना यानेच्कोव्हा, रोदिना होलूबोव्हा, अशा मिळून सात. आर्लिस म्हणाली, "लव्हॉन, तुझ्या पणजीनं गाव नुसतं हलवून सोडलेलं दिसतंय." एकामागून एक नवरे मेले असतील आणि बाई पुढचे घर बघत गेली असेल, असा आमचा हिशेब होता. प्रत्येक नवऱ्याच्या घरच्यांनी तिच्या नावाचा दगड का उभारावा, हे मात्र कळत नव्हते. आर्लिस म्हणाली, "चांगला स्वयंपाक करत असेल."

आता अडचण अशी की, जुन्या दफनभूमीत थोड्याच जागा उरल्या असून समितीने ठराव केला आहे. ज्याच्या पूर्वजाचे नाव तिथल्या दगडावर किंवा चर्चच्या नोंदीत असेल, त्यालाच जागा. चर्च वीज पडून नोंदींसकट जळाले. राहिला दगड. समितीचे अध्यक्ष डेलमर होलूब यांनी मला भर सभेत विचारले, "ही रोदिना एमिलची कोण, ते सिद्ध कर. जनगणनेत आहे का? जहाजाच्या यादीत?" कुठेच नाही, मी सगळे चाळले होते. "मग कसं काय देणार? शिवाय एमिलला कुटुंब नाही, मूलबाळ नाही. गावाच्या नव्या दफनभूमीत पाण्याच्या टाकीखाली जागा पडल्यात. तिथं काय वाईट आहे?"

मी म्हणाले, "मग तू जा तिथं." सभेत त्याची नोंद झाली आहे. मामाला यातले काही मी सांगितले नव्हते. जागा मिळाली ना, असे तो दर रविवारी विचारायचा आणि मी दर रविवारी त्याला कॉफी ओतून द्यायची.

घटनेच्या दिवशी, म्हणजे आजच, कबरी सजवायच्या सणाआधीचा शनिवार असल्याने मी, आर्लिस आणि मामा सकाळी दफनभूमीत गेलो. सोबत कॉफीच्या डब्यांत पिओनीची फुले, खुरपे, ब्रश आणि आर्लिसच्या झोपायच्या खोलीतला उभा आरसा. झिजलेला दगड समोरून वाचता येत नाही. आरशाने त्याच्यावर आडवे ऊन पाडले की अक्षरे उठतात. माझा बेत असा, की रोदिनाचा दगड जमिनीत खचलेला आहे, त्याचा खालचा भाग उकरून काढायचा. खाली नवऱ्याचे नाव, मुलांची नावे, काहीतरी असणार. ते डेलमरच्या तोंडावर मारायचे.

मी उकरत होते. आर्लिस आरसा धरून होती. मामा म्हणाला, "मी जरा आडवा होऊन बघतो, कसं वाटतंय." त्याने कानातली यंत्रे काढून खिशात टाकली, दगडाकडे डोके केले, टोपी छातीवर ठेवली आणि तिच्यावर दोन्ही हात. मग त्याला झोप लागली. फुलांचे डबे मधे येत होते म्हणून आर्लिसने ते त्याच्या पायाशी ओळीने लावले. यात आमचा दुसरा काही हेतू नव्हता.

त्या वेळी लिंकनचा कोणी सायकलवाला रस्त्याने जात होता. आरशाची तिरीप डोळ्यात गेली म्हणून त्याने वळून पाहिले. दोन म्हाताऱ्या एका म्हाताऱ्याला दिवसाढवळ्या पुरत आहेत, असे त्याने फोन करून कळवले. त्याच्यावर माझा राग नाही. मीही तेच कळवले असते.

डेप्युटी ग्रोस भोंगा वाजवत आले. ते लहानपणी माझ्या बसमध्ये मागच्या सीटवर बसत आणि खिडकीतून काय काय टाकत, ते इथे लिहिणार नाहीत म्हणून सांगत नाही. ते म्हणाले, "लव्हॉनबाई, हातातलं खाली ठेवा."

"खुरपं आहे, वेन."

"खाली ठेवा. यांना काय झालं?"

आर्लिस म्हणाली, "काही नाही रे, जागा बघतोय."

डेप्युटींनी डोक्यावरची टोपी काढली. ते पाहून मला हसू फुटले. मला पाहून आर्लिसला फुटले, तिच्या हातातला आरसा हलायला लागला आणि उन्हाचा पट्टा मामाच्या अंगावरून नाचू लागला. झोपलाय तो, एवढे दोन शब्द बोलायचे होते, पण दोघींच्या तोंडून निघेनात. आम्ही हसतो आहोत हे डेप्युटींना फारच वाईट दिसले असणार. त्यांनी वायरलेसवरून प्रेत न्यायला कोरोनरची गाडी मागवली.

भोंग्यामागोमाग डेलमर होलूब आपल्या पिकअपमधून आले. मामाला पाहून त्यांनीही टोपी काढली. "अरेरे. परवाच माझ्यासोबत बिअर प्यायला." थोडा वेळ मान खाली घालून उभे राहिले आणि म्हणाले, "पण इथं पुरता यायचं नाही, हं. ठराव झालाय."

माझे हसू तिथेच गेले. मी म्हणाले, "इथं त्याची आई आहे, डेलमर. रोदिनापाशी."

"कोण रोदिना? सात नवरे केलेली बाई. तिच्या नावावर जागा मागतेस?"

"त्या सातांत एक होलूब होता, विसरू नकोस. तुझीही पणजीच ती."

"आमच्याकडे ती शेवटी आली असेल. थकून."

एवढ्यात डेप्युटींनी गुडघे टेकून मामाच्या मानेला बोटे लावली. मामाने डोळे उघडले आणि म्हणाला, "काय थंड हात रे तुझे." डेप्युटी मागच्या मागे पिओनीच्या डब्यात बसले. हे वाक्य काढा असे त्यांनी मला सांगितले. मी ठेवा म्हणाले.

मामा उठून बसला, कानात यंत्रे घातली आणि विचारले, "भांडताय कशावरून?"

आर्लिसने सांगितले, "डेलमर म्हणतो, रोदिनाला सात नवरे होते."

"कोण रोदिना?"

"ही काय. जिच्या दगडापाशी घोरत होतास."

मामाने मागे वळून दगड वाचला. मग आमच्याकडे पाहिले. मग पुन्हा दगड. आणि तो हसायला लागला. मामा इतका हसू शकतो हे मला ठाऊक नव्हते. त्याला धरायला लागले. "अगं, रोदिना म्हणजे कुटुंब."

आर्लिस म्हणाली, "कुणाचं कुटुंब? तेच तर भांडण आहे."

"कुणाची बायको नव्हे गं. कुटुंब. घरदार. आईबाप, पोरंबाळं, सगळे. शिमानेक कुटुंब. ते पेशेक कुटुंब. हे होलूब कुटुंब."

आर्लिस आरशासकट खाली बसली. डेप्युटी हसत होते, डेलमर डोळे पुसत होते, आणि वायरलेसवर कोरोनरचा माणूस विचारत होता की प्रेत एकच आहे ना.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "मामा, मग माझ्या मुलीचं नाव?"

"मला वाटलं, मुद्दाम ठेवलंस. बाप्तिस्म्याच्या दिवशी फादरना म्हणालोसुद्धा, किती छान, पोरीचं नाव कुटुंब ठेवलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"अर्थ माहीत नसताना कुणी पोरीचं नाव ठेवतं होय?"

मुलीला मी तिथूनच फोन केला. ती एका पेशंटच्या तोंडात हात घालून होती. ती काय म्हणाली ते लिहून घेण्यासारखे नाही. पण हसत होती.

मग डेलमर गंभीर झाले. म्हणाले, "लव्हॉन, वाईट वाटून घेऊ नकोस. पण मग दगडावर एकही नाव उरलं नाही. आधी रोदिना तरी होती. आता तीही गेली." मी उरलेली माती उकरली. डेप्युटींनीही हात लावला. खाली नुसता ओबडधोबड दगड होता. एक अक्षर नाही.

मामाने विचारले, "म्हणजे मला जागा नाही?"

मी त्याला ठराव सांगितला. इतके रविवार कॉफी ओतून हेच टाळत होते, तेही सांगितले. मामा माझ्यावर रागावला नाही. तो रागावला असता तर बरे झाले असते.

त्याने डेलमरना विचारले, "तुझ्या दगडावर कुणाचं नाव आहे रे?"

डेलमरनी आपल्या दगडाकडे पाहिले. त्यांच्या दगडावरही रोदिना होलूबोव्हा याशिवाय काही नाही, आणि ते कोणाचे नाव नव्हे हे आम्ही सर्वांनी आत्ताच ऐकले होते. त्यांची बायको जोअनी गेल्या हिवाळ्यात त्याच दगडाशी ठेवलेली आहे.

मामा म्हणाला, "जोअनीला मी खांदा दिला. दगडावर काय लिहिलंय ते मला वाचता येत होतं. म्हटलं, बरोबर आहे. आपल्या माणसांत आली."

डेलमर पिकअपकडे गेले. मला वाटले, निघाले. ते हातोडा आणि लाकडी खुंटी घेऊन परत आले, मामा जिथे झोपला होता तिथे उभे राहिले आणि म्हणाले, "एमिल, जरा इकडं सरक. तिथं सीडरची मुळं आहेत, खोदणाऱ्याला त्रास होईल." आणि खुंटी ठोकली. ते ठोकत असताना मामा मान हलवून नीट बघत होता. मी रडले. डेप्युटींनी विचारले म्हणून सांगते, ते आनंदाने होते.

डेलमर होलूब यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. सायकलवाल्याविरुद्धही नाही. आर्लिसचा आरसा फुटला नाही. मातीचा खड्डा आम्ही बुजवला.

एक गोष्ट राहिली. इकडे येताना गाडीत मी मामाला विचारले, तुझे नाव दगडावर कुठे घालायचे, वर की खाली. तो म्हणाला, "नको. लिहिलंय ना आधीच." मी म्हणाले, "मामा, मी गावोगाव नावं शोधत फिरते, आणि तू असा. उद्या कुणी शोधत आलं तर?" तो म्हणाला, "सापडेल. कुटुंबातलं असेल तर." आर्लिसनेही सांगून पाहिले. तो ऐकत नाही. त्याने कानातली यंत्रे पुन्हा काढून ठेवली आहेत.

म्हणून मी हा जबाब एवढा सविस्तर दिला. दगडावर येणार नाही, ते सरकारी कागदावर तरी असावे. कृपया स्वच्छ अक्षरात लिहून घ्यावे. एमिल यान शिमानेक. आई अनेश्का, बाप वात्स्लाव्ह. जन्म लिपोव्हा इथेच, मातीच्या घरात. लिपोव्हाच्या जुन्या दफनभूमीत, सीडरच्या झाडापासून जरा अलीकडे, आईच्या उजव्या हाताला. तारीख मोकळी सोडावी.

हा जबाब डेप्युटी ग्रोस यांनी बाहेर बाकावर यंत्रे काढून बसलेल्या माणसालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तसाच उतरला आहे, डब्यात बसल्याच्या वाक्यासह, म्हणून खाली सही करते.

लव्हॉन कुबिचेक