बाबांची दाढी

दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी बोलत बसल्या होत्या.

"तो सलूनवाला पोरगा गेला म्हणे? तुझ्या बाबांची दाढी करायला घरी यायचा तो?"

"हो गं, परवा. गिऱ्हाईकाचे केस कापता कापता कोसळला. तिशीही नव्हती उलटली. बाबा अंथरुणाला खिळल्यापासून त्याचीच वाट बघायचे."

"बाबांना सांगितलंस?"

"धीरच झाला नाही. आणि आज सकाळी बघते, तर गाल गुळगुळीत!"

"अगं बाई! कुणी केली?"

"मीही तेच विचारलं. म्हणाले, 'कोण करणार? आपलाच पोरगा. हात मात्र बर्फासारखे गार होते गं त्याचे.'"

"आज दाराला आठवणीने कडी घाल बाई."

"कडी कसली? उशाशी गरम पाणी ठेवणार आहे. हात बुडवेल बिचारा."