काकूचा खुनी ओळखायचा नियम

सिनेमामुळे लग्न मोडताना कधी पाहिलंय? माझं मोडत होतं. आमची काकू कुठलाही थ्रिलर दहा मिनिटं बघते आणि खुनी सांगते. तिचा नियम एकच, जो सगळ्यांत सालस, तोच. मला बघायला प्रेम नगरचा रेल्वेतला मुलगा आला. मोठ्यांच्या पाया पडला, चहा झाल्यावर सगळ्यांचे कप स्वतः उचलून आत ठेवून आला. तो गेल्यावर काकू म्हणाली, "नको. इतना सीधा कोई होता है क्या? हा शेवटी चाकू काढणार."

बाबा विचारात पडले.

काका म्हणाले, "अगं, मीही सरळच आहे. चाळीस वर्षांत माझा संशय नाही आला?"

काकू म्हणाली, "तुम्ही कधी कप उचललात?"

आतून तेच कप विसळत आई म्हणाली, "जाऊबाई, मला खुनीच जावई चालेल."