मोजडीचं फूल

अमेरिकेतल्या ब्लू रिज डोंगरांच्या पायथ्याशी जनावरांच्या दवाखान्यात आम्ही नंबराची वाट बघत होतो. माझ्या शेजारी एक म्हातारा कुत्र्याला घेऊन बसला होता आणि समोर एक तरुण बाई आपल्या कुत्रीला घेऊन. तिनं त्याला विचारलं,

“काका, तुम्हीही याला घेऊन डोंगरावर जाता ना?”

“जायचो. दर मे महिन्यात, बायकोबरोबर. रानफुलं बघायला.”

“मग वळणावरचं ते गुलाबी मोजडीचं फूल बघितलं असेल, अगदी मोजडीच्या आकाराचं. यंदा कुणी मेल्यानं मुळासकट उपटून नेलं. नुसता खड्डा उरलाय.”

“याच्या पंजात काटा गेलाय.”

“अरे रे. पण ते फूल बागेत जगत नाही हो.”

“नाहीच जगलं.”

“म्हणजे?”

“निओमाला, माझ्या बायकोला, आता चालवत नाही. म्हटलं, एक तरी तिच्या खिडकीखाली लावावं. चौथ्या दिवशी पानं पिवळी पडली.”

“त्या काय म्हणाल्या?”

“कुठून आणलंस, म्हणाली. मी म्हटलं, नर्सरीतून. तर म्हणते, ‘ऑर्विल, हे नर्सरीत मिळत नाही.’”

“मग?”

“मग म्हणाली, खिडकीचा तेवढा पडदा ओढून घे.”