टिकलीखालचं ऊन

मला अजून राग येतो, सांगते. विट्याच्या आमच्या आत्याचा सूरज मदुराईला सोनं गाळायच्या दुकानात असतो. मोबाईलवर आत्याला नातीचा चेहरा नीट दिसत नाही, म्हणून त्याने घरी कॉम्प्युटर ठेवला आणि पडद्याच्या कोपऱ्यात व्हिडिओ कॉलचं चित्र होतं तिथे काचेवर लाल टिकली चिकटवली. माऊसचा बाण टिकलीखाली न्यायचा आणि दाबायचं.

दिल्लीहून शिकून आल्यावर मी भेटायला गेले, तर आत्या फुगलेली. "सूरजनं मला काढून टाकलं गं. टिकलीखाली दाबलं की विट्याचं ऊन किती ते दिसतंय. ऊन तर दारात हाय की."

कॉम्प्युटरची सिस्टीम आपोआप बदलली होती, चित्रं मधे सरकली होती आणि टिकलीखाली हवामानाचं चित्र आलं होतं. महिनाभर आत्या लेकाचा फोनही उचलत नव्हती. माझं डोकंच फिरलं.

"आत्या, सूरजनं नाही, कंपनीनं केलंय. न विचारता."

"मग टिकली मधी लाव."

"टिकली हलणार नाही," म्हणत मी सेटिंगमध्ये जाऊन चित्रंच पुन्हा कोपऱ्यात आणली.

सूरज दिसल्यावर आत्याने आधी पदराने डोळे पुसले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "माझ्या घरात शिरून माझ्या लेकाला हलवणारा ह्यो कोण गं?"