निकालाचा दिवस धरून एकवीस

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरचे मान्यवर, याचिका शाखेतले सर्व सहकारी, पहिल्या रांगेत बसलेली माझी ताई, आणि आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे माझे भावजी!

मला पाच मिनिटं दिली आहेत. पुढाऱ्याची पाच मिनिटं नमनातच जातात, पण भावजींसमोर मुदत मोडायची माझी छाती नाही.

निवडणुकीच्या निकालाला आव्हान द्यायचं, तर सभागृहाच्या या कचेरीत एकवीस दिवसांत याचिका द्यावी लागते. तीस वर्षं त्या खिडकीमागे हे बसले. तुम्ही पाठीमागे यांना ‘पाचवाजे’ म्हणता, ते यांना ठाऊक आहे बरं का!

पहिल्या खेपेला मी अकरा मतांनी पडलो. एक पेटी मोजायचीच राहिली होती, पुरावा माझ्या हातात होता. माझ्या हिशेबाने एकविसाव्या दिवशी ऐटीत खिडकीशी गेलो. यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मग कॅलेंडरवर बोट ठेवून म्हणाले, "निकालाचा दिवसही धरायचा असतो. मुदत काल पाचला संपली."

"अहो, काल दुपारी तुमच्याच घरी जेवत होतो ना मी! बोलला का नाहीत?"

"विचारलं असतंत तर सांगितलं असतं. विचारेल त्याला सांगतोच. न विचारता एकट्या मेहुण्याला सांगणं बरं दिसतं का?"

आता तुम्हीच सांगा, अशा माणसाला बहीण द्यावी का? पाच वर्षं मी यांच्या घरची पायरी चढलो नाही. ताईची मात्र इकडे आड, तिकडे विहीर.

पुढच्या खेपेला मी चार मतांनी निवडून आलो. विरोधकांची याचिका शेवटच्या दिवशी पाच वाजून सहा मिनिटांनी आली, पाठोपाठ वरून फोन. भावजींनी त्यांनाही खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि कागद परत दिले. मी आभार मानायला धावलो. म्हणाले, "तुमच्यासाठी नाही केलं."

तेव्हा मला खरोखर लाज वाटली. जाणं-येणं पुन्हा सुरू झालं. माफी मागायची तेवढी राहिली. आज मागतो. मुदत केव्हाच टळली आहे, कबूल!

आयोजकांचे आणि आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर सभेने पोटात घालावं. ती पाच वर्षं मात्र ताईने आणि भावजींनी.