घंटेची चिमटी

नाही नाही, त्या गाठोड्यावर नको मॅडम, ते ओलं आहे — हे घ्या स्टूल. दार लोटलंत ना? आता मशिनच्या आवाजात बाहेर काही जाणार नाही. तर काय विचारत होतात, मोकळं-व्हा ताई कशा आहेत? सगळ्या वृद्धाश्रमांच्या समुपदेशन-प्रमुख करताय त्यांना, आणि चौकशीला मुख्य कार्यालयातून थेट या धुलाईखोलीत आलात? मग बसाच नीट. आठ महिने वाट बघतेय मी, कोणीतरी विचारावं म्हणून. चादरींच्या घड्या घालत बोलले तर चालेल ना — हात रिकामे राहिले की माझा आवाज चढतो.

मी मूळची इथली नव्हे, बरं का. बारा वर्षं वरच्या वॉर्डची सिस्टर होते, अंथरुणाला खिळलेल्यांच्या. बावीस खाटा. कोण जेवतं, कोण थुंकतं, कोण मुलाची वाट बघत दाराकडे तोंड करून झोपतं — सगळं पाठ. मग वरून फर्मान आलं, काळजी घेणाऱ्यांचीही काळजी घ्यायची. चांगलंच आहे की, मी कुठे नाही म्हणते? दर दुसऱ्या गुरुवारी ताई येणार, एकेकीला पाऊण तास. दोन खुर्च्या, मधे टिशूचा डबा, आणि ताईंचं ठरलेलं वाक्य — मोकळं व्हा, इथलं इथेच राहील. म्हणून तर ते नाव पडलं. चार गुरुवार मी घड्याळ बघत बसले. पाचव्याला त्यांनी विचारलं, सिस्टर, तुम्ही सलग सहा तास शेवटच्या कधी झोपलात? — झालं! घरी सासूबाई अंथरुणाला, इथे बावीस, आणि मला असं कोणी विचारलंच नव्हतं हो कधी. अर्धा डबा मीच संपवला त्या दिवशी.

आणि सोमवारी साहेबांचं बोलावणं. टेबलावर कागद, ताईंच्या अक्षरात — ते गोल गोल अक्षर लांबून ओळखते मी. साहेब म्हणाले, सिस्टर, तुमच्यावर फार ताण आलाय, काही महिने खाली धुलाईत बसा. कागद मला दाखवला नाही. कशाला दाखवतील? शब्दन् शब्द पोचवला होता बाईंनी. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि नंतर ताई तीनदा इथे आल्या, कशा आहात म्हणून — मी मशिन चालू केलं आणि पाठ फिरवली. लिहा हे सगळं. प्रमुख होतायत म्हणे! माझ्या हातात असतं ना, तर दुसऱ्याचं ऐकून घ्यायच्या खुर्चीत जन्मात बसू दिलं नसतं त्यांना.

काय बोलले होते? काही नाही हो, असंच, थकले म्हणून — ही बघा, पुन्हा आली चिमटी. कळलं का कसली? घंटेच्या दोरीची. दोरी या चिमटीनं चादरीला अडकवायची, पेशंटच्या हाताशी, हा आमचा पहिला नियम. चादर बदलताना पोरी विसरतात, मग धुवायला येते. सतरा नंबरच्या आजींची चिमटी मात्र मी कधी विसरले नाही. घंटाआजी म्हणायचो आम्ही त्यांना. एका पाळीत चाळीस वेळा वाजवायच्या. पाणी द्या, पाणी नको, खिडकी लावा, उघडा, आज वार कोणता. आणि मी गेले की गोड हसून — आलीस का गं बाई. चिडायची सोय नाही! मी इथे आले आणि दुसऱ्या महिन्यात त्या गेल्या. मला कोणी सांगितलं? कोणी नाही. चादर आली, कोपऱ्यात हिरव्या धाग्यानं सतरा. ती मी या हातांनी धुतली. त्यासाठी ताईंना सोडणार नाही मी. शेवटचं एकदा जवळ बसायचं होतं मला. माफी मागायची राहिली.

कसली म्हणजे? — आता तुम्हीही म्हणालात, इथलं इथेच राहील, म्हणून सांगते. आणि ताईंच्या त्या कागदात असेलच की ते. एका दुपारी काढली मी चिमटी. दोरी वर गजाला गुंडाळली, त्यांचा हात पोचणार नाही अशी. अर्धा तास, फक्त अर्धा तास, मला बसायचं होतं. परत गेले तर अंथरूण ओलं, आणि म्हणतात कशा — घंटा सापडेना गं, माझ्याच हातून पडली कुठे, तू रागावू नकोस. मीच काढली, हे तोंडातून निघालं नाही हो माझ्या. ताईंनाच सांगितलं, पाचव्या गुरुवारी. ताईंना सांगितलं आणि —

काय? हाच तो कागद? द्या, हात पुसते. 'या सिस्टरना ताबडतोब विश्रांती हवी. घरी आणि इथे, दोन्हीकडचं ओझं त्यांना झेपेनासं झालं आहे. रुग्णांवर त्यांची माया आहे. वॉर्डातली जागा त्यांच्यासाठी राखून ठेवावी.' एवढंच? मागे? मागे तर कोरं आहे. मग घंटेचं कुठेय? मॅडम, घंटेचं कुठे लिहिलंय?

तुम्ही काय लिहिताय? अहो, ते मी बोलण्याच्या भरात — पेन ठेवा ना खाली. पुढच्या महिन्यात मला परत वर घेणार होते. माझं जाऊ द्या, पण ताई — त्यांना माहीत होतं आणि त्यांनी दडवलं, असं होणार ना आता? त्यांची बढती गेली. बढतीच काय, नोकरीही जाईल. हेच तर मागत होते मी आठ महिने, नाही का?

मशिन थांबलं बघा. आता बाहेर ऐकू जाईल. उठा मॅडम, जा तुम्ही. माझ्या चादरी राहिल्यात.