धुतलेली कॅसेट

बायांनो, खंडेनवमीला हत्यारं धुऊन पुजावीत, पण काय धुवायचं ते आधी कुणाला तरी विचारावं. मी विचारलं न्हाई.

आमचे मालक तवा अंथरुणाला खिळले होते. त्यांचा जीव रमावा म्हणून पुतण्यानं हैदराबादेहून व्हिडिओ आणला, संगं जपानी चित्रांच्या शिनेमाच्या कॅसेटी. त्यात ताडाएवढे लोखंडी गडी लढायचे. एकाच्या छातीत बसून, आईपासून ताटातूट झालेलं कोवळं पोरगं त्याला चालवायचं. भाषा कळायची न्हाई, तरी मालक म्हणायचे, "ते लेकरू आईपाशी पोचलं का, एवढं बघून जातो."

शेवटची कॅसेट राह्यली आणि खंडेनवमी आली. कुऱ्हाड, विळे घासता घासता मनात आलं, समदी लढाई तर हिच्यातच हाय! तिलाबी बादलीत बुचकळून धुतली, हळदकुंकू लावलं.

पुतण्यानं कपाळाला हात लावला. "काकू, काय करून बसलीस! दुसरी आणायची म्हंजे आता दिवाळी."

मी मालकांच्या उशाशी जाऊन बसले. "आवो, मी पाह्यलं. पोरगं आलं घरी."

"हो का? मग आई काय म्हणाली त्याला?"

गावभर गोष्टी सांगणारी मी, त्या घडीला नुसती त्यांची गोधडी सारखी करत बसले.

मालक हसले. "मला समदं ऐकू आलंय. कुंकू तरी नीट लावलंस ना? मग येईल ते घरी."

दिवाळीपर्यंत मालक राह्यले न्हाईत. ते पोरगं पोचलं का, मी अजून कुणाला विचारलं न्हाई.